होस्टेलला निघालेल्या पोरांना घाबरवणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पीयूसीचा (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा) निकाल लागला की आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. ‘सीमाभागातल्या मराठी पालकांनो, मुलांना होस्टेलला धाडण्याआधी हे वाचाच’ अशी त्याची सुरुवात. लिहिणाऱ्याचं नाव नाही. सांगणं थोडक्यात असं: कन्नड न येणाऱ्या पोरांना होस्टेलात एकटं पाडतात, त्यापेक्षा कोल्हापूर गाठा, रॅगिंग व्हायचंच, महिनाभर गप्प सोसा, मूळ कागदपत्रं ऑफिसात जमा करून टाका, ॲडमिशन झाली की खोली मिळतेच, लागणारं सगळं घरूनच न्या (खाली साठेक वस्तूंची यादी), मेसचं जेवण आपल्याला सोसत नाही, आणि पहिले तीन महिने पोराला घरी येऊ देऊ नका.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, पीयूसी कॉलेजात शिकवते. १९९७ साली एम.ए.ला धारवाडला गेले आणि दोन वर्षं होस्टेलात राहिले. गेल्या वर्षी माझी भाचीही तिकडेच गेली. आणि गेल्याच वर्षी शेजारच्या गावातली एक चांगली हुशार मुलगी, सीट मिळूनसुद्धा, घरीच राहिली. आईनं हा मेसेज वाचला आणि निघायच्या आठवड्यात माघार घेतली. ती मुलगी आता गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

भाषेचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. त्यात खरं किती? कन्नड कच्चं असेल तर पहिले पंधरा दिवस जड जातात, हे खरं. नोटीस बोर्ड कन्नडमध्ये, मेसमधल्या बाया कन्नड बोलणार, पाणी कधी येणार तेही कन्नडमध्येच कळणार. पण जड जाणं वेगळं आणि एकटं पाडणं वेगळं. माझ्या खोलीत एक बैलहोंगलची होती, एक गदगची. पहिल्या रात्री मी ट्रंकेतून आज्जीनं शिवलेली वाकळ काढली. बैलहोंगलची आपल्या कॉटवरून उठून आली, वाकळीची कड उलटून टाके बघितले आणि म्हणाली, “कौदी!” मग तिनं तिची काढली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, तसाच धावदोरा, कोपऱ्याला तशीच लाल पट्टी. तिच्या आज्जीनं शिवलेली. त्या रात्री आमच्यात शब्द झाले असतील वीसेक, पण दोघी तासभर त्या वाकळींवर बसून होतो.

तेव्हा भाषेची तयारी करायचीच, पण घाबरून नाही. जाण्याआधीच्या महिन्यात दहा वाक्यं तोंडात बसवा. ‘ऊट आतेन री?’ म्हणजे जेवण झालं का. ‘नीर बंतेन री?’ म्हणजे पाणी आलं का. ‘होगि बर्तीनि’ म्हणजे जाऊन येते. आणि शेवटचा तो ‘री’ विसरायचा नाही. तिकडे आदर त्या एका अक्षरात असतो. आपल्याकडे ‘अगं’, ‘अरे’ म्हणून भागतं, वाक्याच्या शेवटी असा ‘री’ लागत नाही, म्हणून आपली पोरं तो गाळतात आणि समोरच्याला ती उर्मट वाटतात. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मेसमधल्या अक्का महिनाभर माझ्याशी तुटक वागत होत्या, आणि मी समजत होते की मराठी म्हणून. ‘री’ लावायला लागले तशा त्या मला दुसऱ्यांदा सारू (पातळ आमटी) वाढायला लागल्या. अक्का, अण्णा, तूप हे शब्द दोन्हीकडे आहेत. पोरांना वाटतं तेवढं कन्नड परकं नाही.

पण समजा कुणी खरंच मराठी म्हणून चिडवलं, वाळीत टाकलं, तर? इथे त्या मेसेजनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाळली आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. भाषिक ओळख, प्रांत, जन्मस्थान, जात, धर्म, रंगरूप, आर्थिक परिस्थिती अशा कशावरूनही विद्यार्थ्याला त्रास देणं किंवा बाजूला टाकणं हे रॅगिंगमध्येच धरलं जातं. म्हणजे ‘ए मराठी’ म्हणून एखाद्या पोराला रोज हिणवलं तर तो थट्टेचा विषय राहत नाही, तक्रारीचा होतो. हे आपल्या पोरांना माहीत असलं पाहिजे. आणि हेही सांगा, की हाच नियम कोल्हापुरात किंवा आपल्या मराठी पोरांच्या घोळक्यात एकट्या पडलेल्या कानडी पोरालाही लागू आहे.

राहिला कोल्हापूरचा सल्ला. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, बेळगावहून बसनं काही तासांचा रस्ता आहे, मराठीतून शिकायचं असेल तर जरूर जावं. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा गटही आहे. पण त्याला वेगळे दाखले लागतात आणि ते प्रवेशाच्या आदल्या दिवशी मिळत नाहीत. शिवाय ज्या कोर्सची सीट धारवाडला किंवा बेळगावला मिळाली आहे ती केवळ भाषेच्या धास्तीनं सोडून कोल्हापूरला धावू नये. आवडीनं गेलात तर उत्तम, भीतीनं नको.

आता ‘रॅगिंग महिनाभर सोसा, तक्रार केली तर वर्ष वाया’. हे वाक्य वाचून मला राग आला. मार्च २००९ मध्ये हिमाचलातल्या एका वैद्यकीय कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी यूजीसीचे आजचे नियम आले. त्यानुसार नवीन पोरांना शक्य तितकं वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असतं, वॉर्डन कुठल्याही वेळी फोनवर सापडला पाहिजे, आणि प्रकार गुन्ह्यात मोडत असेल तर संस्थाप्रमुखानं चोवीस तासांत पोलिसांत कळवायचं असतं. दोषींना निलंबनापासून प्रवेश रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. पोरानं करायला हवं असं नाही, आई-बापालाही फोन करता येतो. प्रवेश घेताना विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून हमीपत्र घेतात. बहुतेक बाप ते न वाचता सही करून मोकळे होतात. वाचा. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी सीनियर होणार आहे, तो कागद त्याच्यासाठीही आहे.

सोसण्याचा सल्ला देणारे प्रेमापोटीच देतात, हे मला कळतं. माझ्या वडिलांनीही दिला होता. आमच्या वेळी एका सीनियरनं मला रात्री अकरा वाजता व्हरांड्यात उभं करून पाढे म्हणायला लावले होते, ते मी घरी कधी सांगितलं नाही. पाढ्यांचं काही वाटत नव्हतं. पण त्यानंतर दोन महिने मी रात्री पाणी भरायला खाली जात नव्हते, तहानलेली झोपायचे. भाचीला निघताना मी नंबर मोबाइलमध्ये टाकून दिला नाही, पाठ करून घेतला. मोबाइल काढून घेतला तर?

कागदांचा मुद्दा तर उलटाच आहे. ‘मूळ कागदपत्रं ऑफिसात जमा करा, सुरक्षित राहतात’ असं मेसेज म्हणतो. यूजीसीनं २०१८ साली स्पष्ट काढलं आहे की संस्थेनं मूळ कागद तिथल्या तिथं तपासायचे, विद्यार्थ्याला परत द्यायचे आणि सही केलेल्या झेरॉक्स प्रती ठेवायच्या. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी ‘ठेवून जा, नंतर ने’ एवढ्या शब्दावर सगळे मूळ मार्क्सकार्ड देऊन आली. तिला दुसरीकडे चांगली सीट मिळाली तेव्हा ते परत मिळवायला सहा फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीला मी सोबत गेले, यूजीसीच्या पत्रकाची प्रत घेऊन, तेव्हा कुठे कपाट उघडलं. एसएसएलसीचं (दहावीचं) आणि पीयूसीचं मार्क्सकार्ड, टीसी, स्टडी सर्टिफिकेट, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, यांच्या पाच-पाच प्रती काढा. मूळ कागद एका प्लास्टिकच्या फायलीत, आणि फाईल घरी.

कागदांतली आपल्या भागाची खरी अडचण वेगळीच आहे, ती मेसेजात नाहीच: नाव. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं. आधारवर आडनाव आधी. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) आलेल्या जात-उत्पन्न दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग तिसरंच. माझ्या भाचीच्या आडनावातला ‘घ’ एका कागदावर ‘ग’ झाला होता. तेवढ्यावरून शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर अडकला, आणि होस्टेलचा पहिला हप्ता आम्हाला उसनवारी करून भरावा लागला. म्हणून आजच सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा आणि बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर लिहून ठेवा, शिष्यवृत्तीसाठी तोच मागतात. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन विचारा. ही दोन-तीन आठवड्यांची कामं आहेत, जुलैच्या पावसात धावपळ करून होत नाहीत.

‘ॲडमिशन झाली की खोली मिळतेच’ हे मेसेजातलं एकच आशादायक वाक्य, आणि तेच चुकीचं. खोलीचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी, यादी वेगळी. विद्यापीठाचं होस्टेल एक. मागासवर्ग कल्याण आणि समाज कल्याण खात्यांची सरकारी होस्टेलं वेगळी, त्यांचे अर्ज राज्याच्या पोर्टलवर. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांच्या ३बी गटात येतो हेही कित्येक घरांत ठाऊक नसतं, त्यामुळे अर्जच होत नाही. सरकारी होस्टेलात जागा मिळाली नाही तर जेवण-निवासासाठी विद्यासिरी योजना आहे, तिचाही अर्ज वेगळा. निघण्याआधी होस्टेलच्या ऑफिसला फोन करून एवढं विचारा: खोलीचा ताबा कुठल्या तारखेला, कॉट-गादी आहे की नाही, डिपॉझिट किती आणि ते परत कसं मिळतं. डिपॉझिटची पावती फाडून घ्या आणि जपा. आणि पंधरा दिवस पीजीत राहावं लागेल एवढे पैसे बाजूला ठेवा.

साठ वस्तूंच्या यादीवर फार बोलत नाही. त्यात पाणी तापवायची कॉइल आहे, इंडक्शन आहे, इस्त्री आहे, आणि ‘लपवून न्या’ असंही लिहिलंय. होस्टेलात या वस्तूंना बंदी असते ती खोड म्हणून नाही. जुन्या इमारतींतली वायरिंग एवढा लोड घेत नाही, आणि ओल्या बाथरूममध्ये लोखंडी बादलीत सोडलेली कॉइल जीव घेऊ शकते. गरम पाणी कधी येतं ते विचारून त्या वेळी उठावं. बादली-मग तिथेच मिळतात. न्यायचं काय? वाकळ, दोन चादरी, टॉवेलऐवजी पंचे (पावसात टॉवेल वाळत नाही, त्याला कुबट वास येतो), कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे, खोलीचं आणि कपाटाचं अशी दोन कुलपं, नेहमीची औषधं, छत्री. एका माणसाला एका हातानं उचलता येईल एवढंच सामान. भाचीची ट्रंक आम्ही तिघांनी मिळून बसमध्ये चढवली होती. दसऱ्याला त्यातलं निम्मं तसंच बांधलेलं परत आलं.

मेसचं जेवण सोसत नाही म्हणे. शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, भात-सारू यातलं काय आपल्याला परकं आहे? तेल-मीठ घरच्यासारखं नसतं, एवढंच. एक मात्र समजून घ्या: पुष्कळ ठिकाणी महिन्याचा खर्च पोरांत वाटून बिल येतं. गावी जाणार असाल तेव्हा आधी लिहून द्या आणि किती दिवसांपासून खाडे धरतात तेही विचारून ठेवा. लोणच्याची एक बरणी द्या, महिन्याचा फराळ नको, मुंग्या होतात.

आणि ‘तीन महिने घरी येऊ देऊ नका’. का? पोरगं घरी येऊन कच्चं पडत नाही. आमच्या काळी लोंढा-अळणावर मार्गे गाडीनं यायचं तर तिकिटाचा हिशेब करावा लागायचा. आता ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या मुलींना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, आधार दाखवलं की झिरो तिकीट मिळतं. (कोल्हापूरला जाणाऱ्या पोरींनी लक्षात ठेवावं, राज्याची हद्द ओलांडणाऱ्या बसला ते चालत नाही.) भाची दर दुसऱ्या शनिवारी येते. दारातच चप्पल काढत विचारते, “मावशी, ऊट आतेन री?” आणि हसते. या शनिवारी वाकळ धुवायला आणते म्हणाली आहे. पाऊस उघडला तर अंगणात पडेल, नाहीतर चुलीवरच्या वळणीवर दोन दिवस.