सिस्टर, जरा बघून घ्या!

नव्यानं ड्युटीला लागलात? अभिनंदन! नर्सिंगच्या डिप्लोमाची, म्हणजे जीएनएमची, ३ वर्षं काढलीत नाहीतर बीएस्सीची ४, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आणि तालुक्याच्या गावी पंचवीस खाटांच्या दवाखान्यात नाईट मिळाली. आता पहिलं काम करा, ते नोंदणीचं सर्टिफिकेट मालक-डॉक्टरांकडे देऊन टाका. ओरिजिनल. ते मागणारच आहेत. तुमच्यावरच्या मायेपोटी ते कपाटात जपून ठेवतात आणि तुम्ही परत मागितलंत की कपाटाची किल्ली नेमकी गावाला गेलेली असते.

दुसरं म्हणजे, अभ्यासक्रम विसरा. इथला अभ्यासक्रम दोन शब्दांचा आहे. बघून घ्या. सलाईन संपलंय, बघून घ्या. नातेवाईक भडकलेत, बघून घ्या. चार नंबरवाला घामाघूम झालाय, डावा हात भरून आलाय म्हणतो, बघून घ्या, मी आंघोळ करून आलोच. मी बावीस वर्षं बघून घेतेय. तुम्हालाही जमेल.

रात्री दवाखान्यात डॉक्टर नसतात असं कुणी म्हणेल, तर चिडून उत्तर द्या. असतात की! बाहेरच्या बोर्डावर चोवीस तास असतात. शिवाय वरच्या मजल्यावर आरएमओ, म्हणजे मुक्कामी डॉक्टर, झोपलेले असतात. शिक्षण होमिओपॅथीचं, स्वभाव गोड. उठवलंत तर डोळे चोळत विचारतील, ‘सिस्टर, अशा वेळी सर काय देतात हो?’ तुम्ही सांगायचं, त्यांनी लिहायचं. मग औषध ठरवलं कुणी? डॉक्टरांनी. कागदावर अक्षर त्यांचं आहे ना?

फोनवरची ऑर्डर मात्र नीट शिकून घ्या, ती वेगळी कला आहे. पावणेतीन वाजलेत. सात नंबरच्या आजोबांना दम लागलाय. दोन उशा लावल्या तरी टेकवत नाही, बसूनच आहेत. पावलावर बोट दाबलं की खड्डा पडतोय आणि तो भरून यायचं नाव घेत नाही. सर दुसऱ्या फोनच्या शेवटच्या रिंगला उचलतात.

‘लॅसिक्स दे. चाळीस.’

‘सर, बीपी नव्वद आहे.’

‘मग वीस दे.’

‘सर, येताय का?’

‘बघून घे गं. ऑक्सिजन चालू ठेव.’

(लॅसिक्स लघवीवाटे अंगातलं पाणी काढतं, पण त्यानं बीपीही उतरतं. आणि दिवसा ‘घ्या’ असतं, अडीचनंतर त्याचं ‘घे’ होतं. एवढी जवळीक झोपेतच येते.)

आता वहीत काय लिहाल? कॉलेजात शिकवलं होतं की ऑर्डर परत वाचून दाखवायची, वेळ टाकायची, फोनवरची ऑर्डर असा उल्लेख करायचा आणि डॉक्टरांची सही घ्यायची. तसंच लिहा. खाली सहीला जागा सोडा. ती जागा फार सोशिक असते, महिनोन्‌महिने रिकामी राहते. सकाळी आजोबांनी डोळे उघडून चहा मागितला, तर राउंडला सर त्यांच्या मुलाला सांगतील, ‘रात्री मी लगेच ट्रीटमेंट बदलली, म्हणून बरं.’ चहा मागितलाच नाही, तर तेच सर तीच फाईल हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून विचारतील, ‘बीपी नव्वद असताना हे कुणी दिलं?’ आणि मुलगा दारात उभा राहून तुम्हाला म्हणेल, ‘तुला बघून घेतो.’ शब्द तेच आहेत बघा, फक्त आता बघून घेणारा बदलला.

लेबर रूममध्ये तर तुमची चांदीच. उपकेंद्रातल्या एएनएमला, म्हणजे गावच्या नर्सबाईला, सरकारनं लिहून दिलंय की बाळ बाहेर आलं की आईला स्नायूत १० युनिट ऑक्सिटोसिन द्या. गरोदरपणातले झटके असतील तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्या आणि पुढं पाठवा. बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला ऑक्सिटोसिनला हात लावायचा नाही, ते डॉक्टरांनी समोर उभं राहून करायचं. कळा नको तितक्या वाढल्या तर गर्भाशयाची पिशवी फाटते, बाळाचे ठोके पडतात. पण ही झाली सरकारी, घाबरट पद्धत. आपल्याकडे मॅडम ड्रिप लावायला सांगतात आणि लग्नाला जातात. ‘थेंब हळूहळू वाढव, तोंड पूर्ण उघडलं की फोन कर.’ मग तुम्ही एका हातानं थेंब मोजायचे, दुसऱ्या हातानं पोटावर कळ बघायची आणि मधूनमधून ठोके ऐकायचे. तेवढ्यात बाहेरून सासूबाई दार वाजवणार, ‘किती वेळ?’ मॅडम पैठणीत पोचतात तेव्हा बाळ टाहो फोडत असतं. बिलावर ‘डॉक्टर डिलिव्हरी चार्जेस’ छापून येतं. तुमच्या हातावर पेढा, मुलगी असेल तर बर्फी. एकदा एका आजीनं माझ्या हातावर पन्नासची नोट ठेवून वर म्हटलं, ‘मॅडमचा हात किती हलका!’ मी मान डोलावली. हात माझाच होता.

काही जणींना वाचायची वाईट सवय असते, त्यांच्यासाठी थोडं कायद्याचं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ३४ वं कलम आहे. डॉक्टर म्हणून नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध देणं आपलंच काम, त्यात काही वावगं नाही. पण कुठलं द्यायचं, किती द्यायचं, थांबायचं की नाही, हे पहाटे एकटीनं ठरवलंत की हद्द ओलांडली. नाही ठरवलंत तर समोर आजोबा आहेतच, खाटेची कड धरून बसलेले. तेव्हा ते कलम वाचून झालं की मिटून ठेवा आणि राउंडला तर अजिबात काढू नका.

खरंच जास्त अधिकार द्यायचे असतील तर त्याचीही सोय आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपणाचं, १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. पण त्यासाठी शिकायला रजा द्यावी लागते आणि शिकून आलेली बाई पगार वाढवून मागते. त्यापेक्षा ‘बघून घ्या’ स्वस्त.

पगाराचं निघालंच आहे तर सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. पन्नासपर्यंत खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० च्या खाली पगार नको, असं समितीनं सुचवलं. सुचवलं, एवढंच. परिषदेच्या निकषात तर साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स आहे. आपल्याकडे पंचवीस खाटांना तुम्ही, एक मावशी आणि वर तसबिरीतला गणपती. यावर तक्रार करू नये. आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कुणी ओव्हरटाइम मागतं का? १२ मेला, परिचारिका दिनी, केक कापतात, टाळ्या वाजवतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या दिव्यावर मालक पाच मिनिटं बोलतात. क्रीम गोड लागतं.

‘सर, हे माझ्या कामात बसत नाही,’ असं चुकूनही म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं, प्लास्टर कापायच्या वेळी. पुढचा महिनाभर माझ्या नावापुढं सलग नाईट पडल्या आणि मेट्रनबाईंनी मायेनं सांगितलं, ‘अगं, तुझा ॲटिट्यूड दिसतो.’

एक गोष्ट मात्र मला हसून सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, रुग्ण गेले. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग आणि आग विझवायची यंत्रणा कुठल्या सेमिस्टरला होती, ते मला अजून आठवत नाही. डॉक्टरांना निष्काळजीपणासाठी सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच बजावलंय. त्या निकालात सिस्टरांसाठी वेगळी ओळ शोधत बसू नका, झोप मोडेल.

तर मग सहीचं तेवढं बघा. वेळच्या वेळी घ्या. गेल्या पावसाळ्यात तीन रात्रींच्या सह्या राहिल्या होत्या म्हणून मी फाईल पदराखाली धरून सरांच्या गाडीपर्यंत धावत गेले. सरांनी काच चार बोटं खाली केली, पेन मागितलं. माझंच दिलं.

‘तारीख कुठली टाकू?’ म्हणाले.

‘त्या त्या रात्रीची टाका, सर.’

‘वेळ?’

‘तीही मीच सांगते.’