‘काहीच घडत नाही’ म्हणे!

एका संथ भयपटाचा कालचा शो सुटून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि जिन्यावर पहिलं मत ऐकू आलं. "काहीच घडत नाही यार. दीड तास नुसतं घर दाखवलंय." मागून कोणीतरी री ओढली, "ट्रेलरमध्ये होतं तेवढंच. बाकी झोप." तिसऱ्याने जिना उतरता उतरता मोबाइलवर एक तारा देऊनही टाकला.

एक तारा! काहीच घडत नाही! हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. सिनेमा आवडला नाही म्हणा, कंटाळा आला म्हणा, भीती वाटली नाही म्हणा. ती तुमची मतं आहेत आणि त्यांच्याशी भांडण नाही. पण ‘काहीच घडत नाही’ हे मत नाही. ते सिनेमाबद्दलचं विधान आहे आणि ते साफ खोटं आहे. काय घडतं ते मिनिटांसकट सांगायलाच हवं. ज्यांना अजून पाहायचाय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद आणि अगदी शेवटचा परिच्छेद सोडून द्यावेत.

वडील गेल्यावर दोन बहिणी त्यांचं बंद घर आवरायला येतात. १९व्या मिनिटाला थोरली स्वयंपाकघरातून धाकटीला हाक मारते. साधी हाक, नुसतं नाव, शेवटचा स्वर जरा ओढलेला. ३१व्या मिनिटाला तीच हाक पुन्हा खालून येते. तोच स्वर, तेवढीच लांबी. मात्र या वेळी थोरली वरच्या खोलीत धाकटीच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि तिचं तोंड मिटलेलं आहे. संगीत नाही, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर जात नाही. धाकटी सवयीने "आले गं" म्हणते आणि खाली जाते. थोरली घड्या घालत राहते. हे घडणं नाही? ४३व्या मिनिटाला फ्रिजची घरघर थांबते. पहिल्या दृश्यापासून ती बाकीच्या आवाजांमागे सतत चालू असते, इतकी की आपण ती ऐकतोय हेच विसरतो. ती थांबते आणि थेट ७१व्या मिनिटाला परत येते. मधली २८ मिनिटं त्या घरात रोजचा म्हणावा असा एकही आवाज नाही. तिथे जीव कासावीस का होतो, हे कळत नाही, कारण गेलेली गोष्ट तुम्ही कधी मुद्दाम ऐकलेलीच नसते.

आणि मग ५८व्या मिनिटाचा पॅसेज. ३ मिनिटं ४० सेकंदांचा एकच शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही. पॅसेजच्या टोकाला एक दार. शॉट सुरू होताना दाराला जेमतेम फट आहे, शॉट संपताना दार फूटभर उघडं आहे. म्हणजे २२० सेकंदांत साधारण ३० सेंटिमीटर. सेकंदाला दीड मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्या संथ सरकण्याला डोळा हालचाल म्हणून पकडत नाही. मघाशी हे असं नव्हतं, एवढंच कधीतरी लक्षात येतं, आणि लक्षात येतं तेव्हा दार बरंच उघडलेलं असतं. सगळी भीती त्या लक्षात येण्याच्या क्षणात आहे. तो क्षण येण्यासाठी मात्र मघाचं दार डोक्यात असावं लागतं.

याच शॉटच्या चाळिसाव्या सेकंदाला पुढच्या रांगेत मोबाइल उजळला. पूर्ण दोन मिनिटं उजळलेला राहिला. मान वर झाली ती "अजून हेच चालू आहे?" असं मोठ्याने म्हणत. दार तोवर वीतभर सरकलं होतं! बघणाऱ्याने आधीचं दारही पाहिलं नाही आणि नंतरचंही नाही, आणि जिन्यावर येऊन सांगतो, काहीच घडत नाही.

बरं, त्या मोबाइलने फक्त त्याचंच नुकसान केलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. डिजिटल प्रोजेक्शनचं प्रमाण असं आहे की पूर्ण पांढरी चौकट पडद्यावर ४८ निट्स (निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) उजेड देते. काळोखातल्या दृश्यात पडद्याचा बराचसा भाग एका निटच्याही खाली असतो. मोबाइलचा स्क्रीन सहज चारशे-पाचशे निट्सवर जातो. डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोडायला काही सेकंद पुरतात. छायाचित्रकाराने त्या पॅसेजच्या डाव्या कोपऱ्यात काळ्यावर काळं ठेवलंय, ते दिसायला आपले डोळे तासभर तयार होत आलेले असतात. एका नोटिफिकेशनने मागच्या चार रांगांचे डोळे पुन्हा शून्यावर. ब्राइटनेस कमी केला होता ही सबब ऐकवू नका. कमी केलेला मोबाइलही त्या दृश्यापेक्षा कितीतरी पट उजळ असतो.

आवाजाचं रडगाणं वेगळंच. सिनेमाचा साउंड मिक्स होतो तो थिएटरच्या प्रोसेसरवर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणाऱ्या यंत्रावर, ७ हा आकडा धरून. जाहिराती कानठळ्या बसवतात, प्रेक्षक तक्रार करतात, मग तो आकडा ५ वर येतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तिथेच राहतो. दोन आकडे म्हणजे साधारण साडेसहा डेसिबलची घट. मारधाडीच्या सिनेमाला त्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरची लाकडी करकर, श्वास, सगळं एसीच्या आवाजाखाली गाडलं जातं. जी घरघर ऐकूच आली नाही ती थांबल्याचं कोणाला कळणार? तेव्हा दोष थिएटरचाही आहेच. पण आवाज कमी वाटतोय म्हणून कोणी उठून बाहेर सांगायला गेलं का? नाही. पाकिटं चुरचुरत राहिली.

‘बजेट नव्हतं म्हणून शॉट ताणलेत’ हे दुसरं लाडकं मत. असं बोलणाऱ्याने एकदा हिशेब करावा. ९० पानांची पटकथा, १८ दिवसांचं शूटिंग, म्हणजे दिवसाला ५ पानं. एवढ्या घाईत सर्वांत सुरक्षित काय असतं? एकच प्रसंग चार बाजूंनी घ्यायचा आणि एडिटिंगच्या टेबलावर जोडायचा. नट चुकला, फोकस गेला, माइकचा बूम, म्हणजे लांब दांडा, दिसला, तर त्या जागी कट मारून दुसरा अँगल लावता येतो. पावणेचार मिनिटांच्या अखंड शॉटला ती सोय नाही. असा शॉट घेताना दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं, दाराला पलीकडून नायलॉनची दोरी बांधायची, जमिनीवर दर पाच सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण करायची आणि एका माणसाने स्टॉपवॉच बघत श्वास रोखून ती दोरी ओढायची. तिसऱ्या मिनिटाला हात थरथरला, दाराने हिसका खाल्ला, की सगळं पहिल्यापासून. छोट्या युनिटने अशा एका शॉटवर अर्धा दिवस घालवायचा म्हणजे दुसरे दोन प्रसंग कापायचे. हा पैसा वाचवायचा मार्ग नाही, उलट असलेला पैसा कुठे लावायचा याचा निर्णय आहे!

मग म्हणतात, ‘एकदाही दचकलो नाही.’ दचकवायला लागतं काय? आधी शांतता, मग चुकीची चाहूल, ‘हात्तिच्या, मांजर होतं’ म्हणून सुटकेचा निःश्वास, आणि त्या निःश्वासावर पंधरा-वीस डेसिबलने उसळलेला आवाज. मोठ्या आवाजाला पापणी मिटते ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत, पडद्यावर काय आहे ते मेंदूला कळायच्याही आधी. तिथे पिशाच्च दाखवा किंवा स्टीलचं भांडं पाडा, शरीर तेवढंच उडणार. आणि तोच प्रकार चौथ्यांदा केला की उडणं कमी होतं. या युक्तीचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये आहे. रात्रीच्या रस्त्यावर एक बाई एकटी चालतेय, मागे पावलं, मग पावलं बंद, आणि अचानक फुसकारत बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्युटन याच्या नावाने या युक्तीला पुढे ‘ल्युटन बस’ म्हणू लागले. पण तिथेही बस एका क्षणाची आहे, चालणं बराच वेळ आहे. आज नुसत्या बसच हव्यात, एकामागोमाग एक, आणि चालणं दिसलं की ‘स्लो आहे’!

‘हे वीस मिनिटांत संपलं असतं’ हेही तसंच. ३१व्या मिनिटाची हाक भयंकर का वाटते? त्याआधी अर्धा तास घरातले नेहमीचे आवाज, कोणती खोली कुठे, कोण कुठून बोलतं, हे कानाला पाठ झालेलं असतं म्हणून. नेहमीचं काय ते ठरलंच नाही तर वावगं काय ते कळणार कसं? पहिल्या दोन हाकांमधली बारा मिनिटं जरी काढून टाकली, तरी राहील फक्त एक हाक.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची कंपनी प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री थिएटरमधल्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी काढते. ‘द विच’ २०१६ मध्ये थिएटरांत लागला तेव्हा त्याला सी मायनस मिळाली. २०१८ मध्ये ‘हेरेडिटरी’ला डी प्लस. आज संथ भयपटांची यादी निघाली की हीच दोन नावं आधी येतात, आणि ४० लाख डॉलरमध्ये बनलेल्या ‘द विच’ने जगभरात ४ कोटींच्या आसपास कमावले. पहिल्या रात्रीचा प्रेक्षक ट्रेलरच्या भरवशावर आलेला असतो. त्या कार्डावर तो सिनेमाला गुण देत नाही, ट्रेलरने दिलेलं वचन पाळलं की नाही, त्याला देतो. त्यामुळे ट्रेलर कापणाऱ्यांवरचा राग याहून मोठा आहे. ९७ मिनिटांतले सहा ठोके काढायचे, दोन मिनिटांत कोंबायचे, सिनेमात नसलेला ‘धाड्’ वर चिकटवायचा आणि वर ‘श्वास रोखून धरा’ लिहायचं. सिनेमा विकायला त्याच्याच स्वभावाबद्दल खोटं बोलायचं, आणि फसवणुकीचे दगड दिग्दर्शकाने खायचे.

एवढं म्हटल्यावर काही जण खुश होतील, तेव्हा त्यांच्याकडेही वळू. ‘तुला कळला नाही’ म्हणणारे. ‘हा हॉरर नाहीच, ही शोकाची रूपककथा आहे’ म्हणणारे. अहो, हा हॉररच आहे, आणि तसं म्हणण्यात कमीपणा काय आहे? संथ सिनेमा वाईट असूच शकत नाही असं मानणाऱ्यांनी या प्रकाराचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं मोबाइलवाल्यांनीही केलं नसेल. वाईट संथ सिनेमा ढीगभर आहेत आणि ते ओळखता येतात. पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत खाली एकच घुमणारा सूर लावून ठेवलेला असतो, म्हणजे शांतता कधी येतच नाही. कॅमेरा भिंतीकडे हळूहळू सरकतो आणि भिंतच निघते. रंग सगळे निळसर राखाडी. घराचा नकाशा शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून कुठलं दार उघडलं याने काही फरक पडत नाही. लांब शॉट संपल्यावर आपल्याला सुरुवातीपेक्षा एकही गोष्ट जास्त ठाऊक नसते. असल्या सिनेमाला संथ म्हणू नका, रिकामा म्हणा आणि खुशाल तारा कापा. कालच्या सिनेमातही एक जागा सैल आहे. ७५व्या मिनिटाला शेजारीण येऊन घराचा इतिहास सांगते, ती चार मिनिटं अनावश्यक आहेत. आणि गंमत बघा, जिन्यावर त्याच प्रसंगाची स्तुती चालली होती, ‘तिथे जरा स्टोरी कळली’ म्हणून!

घरी बघणाऱ्यांनी तर हद्द केलीय. दीडपट वेगाने पाहून ‘परिणाम होत नाही’ म्हणतात. २२० सेकंदांचा शॉट १४७ सेकंदांत उरकल्यावर कसला परिणाम? मोबाइलच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही निघत नाही. घरघर, गडगड, पायाखालचा कंप, सगळं त्याच्या खाली राहतं. पाच-एकचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचा ट्रॅक दोन स्पीकरवर उतरवताना सर्वांत खालच्या आवाजांचा एलएफई चॅनल बहुतेक वेळा सरळ गाळलाच जातो. निदान चांगले हेडफोन लावा. टीव्हीवर मोशन स्मूदिंग (मधल्या चौकटी स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, ‘व्हिव्हिड’ सोडून ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा, आवाजाचा ‘नाइट मोड’ बंद करा, कारण तो हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली ओढून सगळं एका पातळीत आणतो. टीव्हीसमोरचा दिवा मालवा, नाहीतर काळोख्या दृश्यात आपलंच सोफ्यावरचं प्रतिबिंब दिसत राहतं. आणि भाषा समजत असेल तर आवाजांची वर्णनं असलेली सबटायटल्स लावू नका. दार करकरायच्या आधी ‘दार करकरते’ वाचलं, हाक येताक्षणी ती कोणाच्या आवाजात आहे ते कंसात वाचलं, मग उरलं काय? ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती गरजेची आहेत, आणि त्यांच्यासाठीही ती लिहिताना क्षणाची वेळ सांभाळायला हवी. ती कोणीच सांभाळत नाही.

मुख्य दुखणं राहिलंच. नामावली सुरू झाली, ताबडतोब अर्धं थिएटर उभं राहिलं, मोबाइलचे टॉर्च लागले. नामावलीखाली संगीत नाही, फक्त फ्रिजची घरघर आहे. एक मिनिट पन्नास सेकंदांनी ती पुन्हा थांबते. मग चार सेकंद काहीच नाही. आणि तीच हाक तिसऱ्यांदा येते, शेवटचा स्वर तसाच ओढलेला, पण या वेळी पडद्याकडून नाही, सभागृहाच्या मागच्या स्पीकरमधून, आपल्या पाठीमागून. ती ऐकायला खुर्चीत सात-आठ माणसं होती. ‘काहीच घडत नाही’ तोवर जिन्यावर पोहोचलं होतं.