उत्तर तेच आलं, कारण…

नमस्कार सर,

पाण्याच्या पाइपांच्या जाळ्यातलं प्रेशर आणि प्रवाह यांचा हिशेब करणाऱ्या ‘ईपानेट’ या सॉफ्टवेअरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘१९९३ चं अमेरिकन सॉफ्टवेअर, त्याला नवा रंग. माझी जुनी फाइल २.२ आवृत्तीत चालवली, उत्तर तेच. शिवाय नाशकात नळाला पाणी दिवसभर कुठे असतं?’

रंगाचं म्हणाल तर तो दिलेलाच नाही. पडदा अजून २००० सालासारखाच दिसतो, ही माझीही कुरकुर आहे. बदललं ते आतलं गणित. जुन्या पद्धतीत प्रत्येक नळाला मागेल तेवढं पाणी मिळालं असं धरूनच हिशेब सुरू व्हायचा. टेल एंडला, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाला, प्रेशर शून्याखाली गेलं तरी पाणी मात्र पूर्ण! मग आपण एमिटर (प्रेशरप्रमाणे पाणी सोडणारं काल्पनिक छिद्र) लावून जुगाड करायचो, आठवत असेल.

२०२० मध्ये आलेल्या २.२ मध्ये पाणी प्रेशरवर ठरवता येतं. दुमजली घराला आपल्या १९९९ च्या केंद्रीय पाणीपुरवठा मॅन्युअलप्रमाणे १२ मीटर प्रेशर (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवणारं) लागायचं. हिशेबाअंती तिथे ३ मीटरच उरले, तर जुनं गणित पूर्ण मागणी दाखवतं आणि नवं निम्मी, कारण पाणी प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे घटतं. सातपूरचा असो की म्हसरूळचा, चढावरचा माणूस यात प्रथमच दिसतो. २००८ नंतर बारा वर्षं अधिकृत नवी आवृत्ती नव्हती. अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि ‘ओपन वॉटर अ‍ॅनॅलिटिक्स’ हा अभियंते-संशोधकांचा खुला गट यांनी मिळून ही आणली.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र बिनतोड. ईपानेट पाइप कायम भरलेलेच धरतं. वॉल्व्हमनने पाणी सोडल्यावर आधी फुसफुसत हवा येते, तो वेळ यात नाहीच. काही संशोधक त्यासाठी पावसाळी गटारांसाठीचं एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर वापरतात, कारण त्यात रिकामा पाइप चालतो. आणि नळालाच मोटर लावणारे शेजारी कुठल्या नकाशावर असतात म्हणा! हे लेखात यायला हवं होतं, चूक माझी.

आता तुमच्या फाइलबद्दल. २.२ मध्येही सुरुवातीला जुनीच पद्धत चालू असते, त्यामुळे उत्तर तेच येणार. हायड्रॉलिक्सच्या पर्यायांत ‘डिमांड मॉडेल’ बदलून ‘पीडीए’ (प्रेशरवर पाणी ठरवणारी ती नवी पद्धत) करा आणि लागणाऱ्या प्रेशरपुढे १२ टाका. तिथला मूळ आकडा नगण्य आहे, तो राहिला तर फरक जाणवणार नाही. मग टेल एंडला काय येतं, ते इथेच कळवाल?