स्कॉर्पियन कोण, ते डोंबिवलीच्या आत कळलं

मुखवट्यामागचा माणूस बेंटले आहे. प्रोफेसर बेंटले. सांगून टाकलं. माझ्यावर कुणी दया केली नाही, मी तुमच्यावर का करू?

१९४१ सालची 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' ही रिपब्लिक कंपनीची बारा भागांची सीरियल. सयामच्या थडग्यांत काही विद्वानांना सोन्याचा विंचू सापडतो. त्याची भिंगं नीट जुळवली की साध्या धातूचं सोनं होतं, वेगळी जुळवली की समोरचं सगळं खाक. म्हणून मंडळी भिंगं आपसात वाटून घेतात. मग त्यांच्यातलाच एक जण बुरखा घालून 'स्कॉर्पियन' होतो आणि बाकीच्यांच्या भिंगांमागे लागतो. सोसायटीची वर्गणी वाटून ठेवल्यावर जे होतं तेच. फक्त इथे खून पडतात.

ही सीरियल मी संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये पुरवून पुरवून बघत होतो. मूळ प्रेक्षकांना एका भागासाठी आठवडाभर थांबावं लागे. तेवढा संयम नसला, तरी खलनायक कोण ते शोधून बघायचं नाही, एवढं पथ्य मी पाळलं होतं.

घाटकोपर गेलं आणि माझ्या शेजारी चौथ्या सीटवर टेकलेल्या काकांनी मान माझ्या खांद्यावर आणली. टेकवली नाही, आणली. यात फरक आहे. टेकवली असती तर झोपले म्हणून सोडून दिलं असतं.

"जुनं दिसतंय."

"हो."

"इंग्लिश?"

"हो."

"इकडचं एक द्या की."

आणि त्यांनी माझ्या डाव्या कानातलं इयरफोनचं बोंडूक काढून, रुमालाने पुसून, स्वतःच्या कानात घातलं. पुसलं, हे विशेष. घाण माझ्या कानात होती, त्यांच्या नाही. वायर आखूड, त्यामुळे आम्ही दोघं गालाला गाल लावून बसलो. समोरच्या बाकड्यावरचा एक पोरगा, मांडीवर सॅक, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हसायला लागला. काकांनी त्याला तिथल्या तिथे कथानक सांगायला घेतलं. त्यांनी पाहिलं होतं जेमतेम दोन मिनिटं.

"हा पोरगा बिली. शझाम म्हणाला की पैलवान होतो."

तेवढ्यात दुसऱ्या भागाचा शेवट आला. कॅप्टन मार्व्हल, म्हणजे तोच पैलवान, बेशुद्ध, सरकत्या पट्ट्यावरून गिलोटिनच्या पात्याखाली चाललेला. काकांनी माझा गुडघा धरला. पातं सुटलं, भाग संपला. तिसरा लावला तर आधीची उजळणी सुरू. "हे झालंय, पुढे ढकला," म्हणून त्यांनी बोट खुपसलं आणि आम्ही भलतीकडेच पोचलो. मागे आलो. पातं मार्व्हलच्या मानेवर पडून तुटलं.

"मग घाबरवलं कशाला? ह्याला काही होतच नाही!"

हा आक्षेप मात्र बिनतोड होता. या सीरियलची गोचीच ती. नायकावर गोळी चालत नाही, पातं चालत नाही. जिवाची भीती घालायची तर बिली नाहीतर त्याची सोबतीण बेटी यांनाच धरावं लागतं. पण त्याचं उडणं फार झकास. स्पेशल इफेक्टवाल्या लायडेकर बंधूंनी लगद्याचा पुतळा करून तो तारेवरून सोडला होता, आणि उड्या मारायला डेव्ह शार्प नावाचा कसलेला स्टंटवाला. मी हे काकांना सांगायला गेलो तर म्हणाले, "आपल्या नादियाने हे सगळं खरंखुरं केलंय." यावरही बोलता येईना. 'मिस फ्रंटियर मेल' या हिंदी सिनेमात, १९३६ साली, ही स्टंटवाली नटी धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. आणि मला त्याच मुंबईत, गाडीच्या आत, दोन्ही कान मिळत नव्हते.

मुलुंडपर्यंत अख्खं बाकडं सामील झालं होतं. मी फोन नीट सर्वांना दिसेल असा धरावा, असं ठरलं. कुणी ठरवलं, माहीत नाही. संशय सीरियलमधल्या चोटालीवर आला.

"गुजराती का?"

"सयामचा आहे."

"आडनाव तर चोटाली."

"काका, ज्याच्यावर एवढा संशय दाखवतात तो कधीच नसतो," खिडकीतले गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले. मग मालकम, मग फिशर. सॅकवाल्या पोराने तेवढ्यात माझं उजवं बोंडूक मागून घेतलं होतं. म्हणजे फोन माझा, डेटा माझा, आणि मी मूकपट बघत होतो. त्याने मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हा बुरख्यातला आवाज ह्यांच्यातल्या कुणाचाच नाहीये."

काका भडकले. "असं कसं? त्यातलाच कोणीतरी असणार ना! नियम आहे तो. हल्लीच्या पोरांना धीर नाही." सगळे हसले. पोरगा ओशाळला, बोंडूक परत दिलं आणि ठाण्याला उतरून गेला.

कळव्याच्या पुढे काकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. नुसता काढला असता तर ठीक. त्यांनी त्यात तोंड घालून विचारलं, मोठ्याने, आणि उत्तरही मोठ्याने वाचलं. "बेंटले! हॅरी वर्थ म्हणून नट आहे. घ्या, संपलं. चार तास वाचले तुमचे." माझ्या मांडीवर थाप मारून ते डोंबिवलीच्या रांगेत घुसले. उपकार केल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. तोंडावर काही बोललो नाही, पण खरं सांगतो, लोकलमध्ये मोठ्याने रील लावणाऱ्यांबद्दल तक्रार करणारे आपण, या माणसांसाठी एखादं कलम आहे का?

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मीही शोधलं. स्कॉर्पियनचा आवाज जेराल्ड मोरचा. संशयितांमध्ये नसलेल्या, वेगळ्याच नटाचा. म्हणजे कान लावून ओळखू पाहणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने १९४१ सालीच गंडवलेलं.

मी खिडकीतल्या गृहस्थांना हलवून सांगितलं.

"म्हणजे बेंटले नाही?"

"बेंटलेच. पण आवाज त्याचा नाही."

"मग तो पोरगा बरोबर होता की."

"तेच म्हणतोय."

"सांगा त्याला."

कसं सांगू? पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, ठाण्याला उतरतो.