'खलाशाला फाइली सांभाळायला दिल्या की…' : स्पष्टवक्ता यांना उत्तर

स्पष्टवक्ता महोदय,

अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा कारभार बघणाऱ्या खात्याचे माजी प्रमुख लिंटन ब्रूक्स यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. इतरांना शोधाशोध करायला लागू नये म्हणून गोषवारा देतो. लेख म्हणजे आरती आहे. ब्रूक्स अ‍ॅडमिरल नव्हते, कॅप्टन होते. त्यांच्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या चोरीला गेलेल्या माहितीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. नव्या अण्वस्त्राचा त्यांनी केलेला पुरस्कार मी गाळला. आणि शेवटी हे रत्न: 'खलाशाला फाइली सांभाळायला दिल्या की दुसरं काय होणार? हाकललंच ना शेवटी!'

चूक आधी कबूल करतो. ते कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाले. घाईत 'अ‍ॅडमिरल' पडलं. आभारी आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. मतभेद मला चालतात. दहा वर्षं इथे लिहितोय, शिव्याही खाल्ल्यात. पण 'खलाशी' हा शब्द आपण ज्या चवीनं वापरलात, ती चव मला ओळखीची आहे. माझे वडील खलाशी होते. रत्नागिरीजवळच्या खेड्यातून मुंबईला आले आणि मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं. चार तास वॉच, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास वॉच. शाळेत मास्तरांनी वडिलांचा धंदा विचारला की मागच्या बाकावरून हसू यायचं, तेही याच चवीचं. वडिलांचं शिक्षण सातवी. पण दर तासाला गेजवरचे आकडे वहीत उतरवताना मागच्या ओळीतला आकडा कधी पुन्हा लिहिला नाही. 'डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं,' हे मला गणिताच्या वहीवरूनही ऐकवायचे. तेव्हा खलाशाला कागद सांभाळता येत नाहीत हे तुम्ही मला सांगू नका. तुमच्या कचेरीत येत असतील तर आनंद आहे.

आणि ब्रूक्स कुठले खलाशी? १९५९ साली ड्यूक विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी, नंतर तीसेक वर्षं नौदल, 'व्हेल' या अणुपाणबुडीचं नेतृत्व, मग रेगन यांच्या काळात व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत अण्वस्त्रनियंत्रणाचं काम. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट कराराच्या वाटाघाटी १९८२ पासून रखडत चालल्या होत्या. शेवटच्या टप्प्यात अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार ब्रूक्स होते आणि ३१ जुलै १९९१ ला मॉस्कोत बुश-गोर्बाचेव्ह यांच्या सह्या झाल्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६,००० लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांची मर्यादा, आणि ती मोजायची कशी, तपासायची कशी, याचे शेकडो पानांचे नियम. तो करार म्हणजे फाइलीच होत्या हो! कलमं, जोडपत्रं, व्याख्या. पाणबुडीवाल्यानंच तडीला नेल्या.

राहता राहिलं 'हाकललं'. हाकललं, नाकारतो कुठे? मूळ लेखातच लिहिलंय की ४ जानेवारी २००७ ला ऊर्जामंत्री सॅम्युएल बॉडमन यांनी त्यांचा राजीनामा मागितल्याचं जाहीर केलं. कारण काय घडलं? ऑक्टोबर २००६ मध्ये लॉस अलामोस गावात पोलिस भलत्याच तक्रारीवरून एका ट्रेलर-घरात शिरले आणि तिथे गावातल्या अण्वस्त्र-प्रयोगशाळेची गोपनीय कागदपत्रं नि पेनड्राइव्ह सापडले. एका उपकंत्राटदाराकडे जुनी कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या बाईनं ते घरी नेले होते. ब्रूक्स बसत वॉशिंग्टनला, राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखपदी. त्यांच्याखाली प्रयोगशाळा, तिच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली उपकंत्राटदार, त्याच्याखाली ती बाई.

याच प्रयोगशाळेत २००४ साली दोन गोपनीय डिस्क हरवल्याचा गाजावाजा होऊन काम महिनोन्‌महिने ठप्प झालं होतं. शेवटी निघालं काय, तर डिस्क कधी तयारच झाल्या नव्हत्या, नुसती बारकोडची लेबलं नोंदवली होती. न पाहता लिहिलेला आकडा! वडिलांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. आणि लेबलं चिकटवणारे कुणी पाणबुडीवाले नव्हते.

तरी गेले ब्रूक्सच, आणि जाताना कुणाकडे बोट दाखवलं नाही. निर्णय आपल्या पसंतीचा नसला तरी त्यामागचं उत्तरदायित्वाचं तत्त्व मान्य आहे, अशा आशयाचं पत्र कर्मचाऱ्यांना लिहून बाहेर पडले. जहाज खडकावर चढलं तेव्हा कप्तान झोपला होता का जागा होता, हे समुद्रावर कुणी विचारत नाही. हे समजायला अ‍ॅडमिरल असावं लागत नाही, खलाशाच्या घरात जन्मलं तरी पुरतं.

शिवाय बॉडमन यांनी त्या खुर्चीत कोणाला बसवलं? टॉमस डी'अगोस्टिनो. नौदल अकादमीचे पदवीधर, पाणबुडीवाले! आता तुम्ही लगेच लिहाल की त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै २०१२ मध्ये, ८२ वर्षांची एक नन दोन साथीदारांबरोबर कुंपणं कापून ओक रिजच्या युरेनियम कोठारापर्यंत पोचली. पोचली. पण तिथला पहारासुद्धा खाजगी कंत्राटदाराकडे होता, हेही वाचून या.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. २००५ साली दीडेक हजार कर्मचाऱ्यांची माहिती चोरीला गेली आणि मंत्र्यांना ते पुढच्या वर्षी, जूनमध्ये कळलं, हे खरं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं वाटलं, हे ब्रूक्स यांचं स्पष्टीकरण. त्यावर कधीतरी सवडीनं. नव्या अण्वस्त्राचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आरतीबद्दल म्हणाल, तर ज्याला ताटात फक्त कापूर दिसतो त्याला मी काय सांगणार?

मूळ लेखात 'अ‍ॅडमिरल'चं 'कॅप्टन' केलं आहे. तुमच्या प्रतिक्रियेतला 'खलाशी' आहे तसाच ठेवला आहे.