पन्नास कमी द्या ताई

परवा कुलरवाल्याने मला ५० रुपये कमी केले. मी मागितले नव्हते. गोकुळपेठच्या बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीसाठी पंधरा मिनिटं हुज्जत घालणारी बाई आहे मी, आजवर कोणी आपणहून रुपया सोडला नाही, आणि हा माणूस माझ्या डोक्याकडे बघत म्हणतो, "राहू द्या ताई, ५० कमीच द्या. तेल-बिल घेऊन घ्या."

होळी झाली की नागपुरात कुलर काढावाच लागतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कुलरवाले भाऊ खिडकीबाहेर घोडीवर, मी खाली घोडी धरून. घोळ झाला तो ह्या रचनेमुळेच. कारण मी पाच फूट एक इंच, ते माझ्या डोक्याच्या तीन फूट वर, आणि दुपारी एकचं ऊन सरळ माझ्या भांगात. आरशासमोर मी सगळा बंदोबस्त केलेला असतो हो, समोरून, डावीकडून, सेल्फीतून. वरून कोणी बघेल हा विचारच कधी केला नव्हता. वरून आपल्याला देव बघतो, तो काही बोलत नाही.

"ताई, पेचकस द्या."

दिला. कोणी घेईच ना. मी मान वर केली तर भाऊ माझ्या भांगाकडे पाहून राहिले होते, उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाणी किती उरलं ते बघतात ना, तसं.

"किती दिवसाचं आहे जी हे?"

मला वाटलं कुलरचं विचारून राहिले. म्हटलं, "आठ वर्षं झाले."

"आठ वर्षांपासून? बाप्पा! आन काहीच केलं नाही तुम्ही?"

"केलं ना. दरवर्षी गवत बदलवतो. मागच्या वर्षी मोटर नवीन टाकली."

भाऊंनी मोटरवर थोडा विचार केला. मग अगदी हळू आवाजात, दवाखान्यात नातेवाईकांना बाजूला घेऊन सांगतात तसं म्हणाले, "मी तुमच्यावाल्या केसांचं म्हणून राहिलो ताई."

आता खरं तर इथे मी घोडी सोडून द्यायला हवी होती.

पण मी काय केलं, मी खुलासा देत बसले! कुलरवाल्याला! म्हटलं भाऊ, ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला होता, त्याने गळले. आणि हे खरंही आहे. डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं की मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की वाढीला लागलेले बरेच केस एकदम सुट्टीवर जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. म्हणजे डेंग्यू ऑक्टोबरचा आणि केस गेले जानेवारीत, तेही भाचीच्या लग्नाच्या हप्त्यात, जिथे वर ड्रोन फिरत होता. (तो व्हिडिओ मी अजून पूर्ण पाहिलेला नाही.) रोज ५० ते १०० केस जाणं नॉर्मल असतं म्हणे. मी एक दिवस बाथरूमच्या जाळीतले मोजले, १३७ वर थांबले, पुढचे साबणाला चिकटले होते. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, येतात परत, फक्त केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. माझी वेणी होती कमरेपर्यंत. हिशोब तुम्हीच करा, मी केला आणि मग तर्री पोहे खाऊन घेतले.

तर भाऊंना डेंग्यू पटला नाही. त्यांनी जुन्या गवताची ताटी खिडकीतून उपसली आणि माझ्या नाकासमोर धरली. पांढरी खरपुडी चढलेली, नुसतं बोट लावलं तर काडी कट्कन मोडली.

"हे पहा. बोअरचं पाणी. एका सीझनमध्ये गवताचं काय झालं पहा. तुम्ही डोक्शावर हेच घेता ना?"

"हो."

"मंग?"

त्या "मंग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण अर्धंच होतं. क्षाराच्या पाण्याने केस रखरखीत होतात, गुंततात, मधेच तुटतात, इथवर भाऊ बरोबर. पण केसाचं मूळ काही बोअरच्या पाण्याने मरत नाही, ते कातडीच्या आत असतं, आणि बाहेर दिसतो तो केस तर आधीच निर्जीव असतो, त्याला 'पोषण' देणाऱ्या बाटल्यांवर मी डेंग्यूच्या आधीपासून किती पैसे उडवले ते घरात माहीत नाही. हे सगळं घोडी धरून सांगायला गेले तर भाऊ म्हणाले, "गवत बदलवून टाका."

"डोक्यावरचं गवत कसं बदलवणार भाऊ?"

"होते ना आजकाल. मागून काढते आन समोर लावते. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यानं केलं, दोन महिन्यांत लग्न जुळलं त्याचं."

"माझं झालं आहे लग्न."

"हो, ते बी आहे," असं म्हणून भाऊंनी आत सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे एक नजर टाकली. आता ह्या गृहस्थाचं सांगते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासून ह्यांचं डोकं स्टीलच्या गंजासारखं चकाकतं आणि आजवर एका माणसाने, एका कुलरवाल्याने, किती दिवसाचं आहे म्हणून विचारलं नाही. उलट भारदस्त दिसता म्हणतात. बँकेत लोक ह्यांनाच मॅनेजर समजतात. माझा भांग जरा रुंद झाला तर सासूबाईंपासून लिफ्टमधल्या बाईपर्यंत सगळ्यांना मला थायरॉईड आहे, टेन्शन आहे, घरी काही चाललंय का, असे प्रश्न पडतात. हसू नका, हे मला खरंच लागतं. एकीने तर लिफ्टमध्ये माझ्या डोक्याला हात लावून पाहिला, विचारून नाही, बाजारात खरबूज दाबून पाहतात तसा.

असो. भाऊ तोवर गव्हावर पोचले होते.

"गहू कुठला खाता तुम्ही? आमचा साडू राहते शेगावकडे. तिकडे गावंच्या गावं टकली झाली ना जी."

हे आपल्या विदर्भातल्या कोणाला सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले, आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं, मग गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं. त्या लोकांवर खरंच काय बेतलं असेल. पण माझा गहू बुटीबोरीकडच्या नणंदेच्या शेतातला, तो खाऊन नणंदेचे केस आहेत तसेच आहेत, दुर्दैवाने.

मी म्हटलं, भाऊ, आता पंप लावता का?

तर त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. घाम पुसायला म्हणाले, मला शंका आहे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि डोक्यावर भंडाऱ्याकडे जुलैत धानाचे पऱ्हे असतात तसं दाट, काळंभोर. "काय लावता?" तोंडातून गेलंच माझ्या.

"काही नाही. कपड्याचा साबण. तोच हाताला, तोच डोक्शाला."

मी लोहाच्या गोळ्या घेऊन राहिले, सल्फेट नसलेला शाम्पू आणते, केस ओले असताना फणी लावत नाही कारण ओला केस लवकर तुटतो, टॉवेलने खसाखसा पुसणं सोडून नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये केस गुंडाळून बसते. आणि धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये पोरगेलेशा मुलीने माझी टाळू टीव्हीवर मोठी करून दाखवली आणि ३८ हजारांचं पॅकेज सांगितलं तेव्हा मी तिला सॉरी म्हटलं. सॉरी कशाबद्दल ते अजून समजलं नाही. तिकडे कपड्याचा साबण.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा मी महाल भागात जाऊन उभी राहणार आहे. लोक रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणतात, मी भाऊंचं नाव घेणार आहे.

शेवटी त्यांनी पंप सुरू केला. वरच्या पन्हाळीतून पाणी नव्या गवतावर उतरायच्या ऐवजी बाहेर उडालं आणि चार थेंब टपटप माझ्या भांगात. आता एक गोष्ट मी आत्तापर्यंत सांगितली नव्हती, ती सांगते. मी भांगात काळी पावडर भरते. मिळते तशी, टाळू दिसू नये म्हणून, बाटलीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं आहे. कपाळावरून काहीतरी गार ओघळलं, नाकाच्या शेंड्याशी थांबलं.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

"ताई," मग म्हणाले, "रंग सुटून राहिला तुमचा."

त्यानंतर ते ५० रुपये. मी रागाने पूर्ण ४५० त्यांच्या हातावर टेकवले, तर त्यांनी मोजून, शांतपणे खिशात घातले. निदान एकदा तरी नाही म्हणायचं.

आज सकाळपासून कुलर नुसती गरम हवा फेकून राहिलाय, पाणी चढतच नाही. फोन केला, भाऊ चारला येतो म्हणाले. साडेतीनला मी स्कूटीवर बांधते तसा स्कार्फ बांधला, डोकं, कान, नाक सगळं झाकून फक्त डोळे उघडे, आणि हॉलमध्ये बसले.

नवऱ्याने पेपर खाली केला. "एवढ्या उन्हाची कुठे चालली?"

"कुठे नाही," म्हटलं. "घोडी तुम्ही धरा."