केऑस थिअरी आणि खानापूरची रेंज

केऑस थिअरीवर, म्हणजे ठरलेल्या नियमाने चालूनही सुरुवातीच्या किंचित फरकाने पार बदलणाऱ्या प्रणालींच्या गणितावर, चालणारी वायरलेस यंत्रणा टॉवरशिवाय डोंगरापलीकडे पोहोचेल, तिचे संदेश कुणालाच फोडता येणार नाहीत आणि वेगाला मर्यादाच उरणार नाही, असा मजकूर बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर भरपूर फिरला आहे. कणकुंबी-जांबोटीकडे रेंजसाठी होणारे हाल ज्याने पाहिले आहेत, त्याला तो खरा असावा असे वाटणारच. पण खोट्या आशेने खऱ्या टॉवरची मागणी मागे पडते, म्हणून हे उत्तर.

केऑसचा संबंध रेडिओ लहरीच्या घडणीशी आहे, तिच्या पोहोचीशी नव्हे. चोर्ला घाटातला कडा लहर किती अडवणार, हे मुख्यतः वारंवारता, प्रक्षेपणाची शक्ती आणि अँटेनाची उंची यांवर ठरते. तेव्हा टॉवर लागणारच.

‘कुणालाच फोडता येणार नाही’ हा दावा अधिक घातक आहे. केऑस म्हणजे नियमहीन गोंधळ नव्हे. ०.४ ही संख्या घ्या, तिला १ मधून वजा करा, आलेल्या ०.६ ला ०.४ ने आणि मग ४ ने गुणा: ०.९६. आलेल्या संख्येवर हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास ०.१५३६ आणि नंतर सुमारे ०.५२ मिळते. सुरुवात ०.४०१ पासून केली, तर दहाएक पायऱ्यांत दोन्ही मालिका पार वेगळ्या होतात. नियम मात्र एकच राहतो. नियम आहे म्हणूनच पेकोरा आणि कॅरॉल या शास्त्रज्ञांना १९९० मध्ये दोन केऑटिक प्रणाली एका लयीत आणण्याची रीत दाखवता आली, आणि नियम आहे म्हणूनच केऑसच्या आवरणाखाली, म्हणजे केऑटिक लहरीत मिसळून, लपवलेला संदेश बाहेर काढता येतो, हे गणितज्ञ केविन शॉर्ट यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. बँकेचे व्यवहार अशा आवरणाच्या भरवशावर सोडणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

वेगाची मर्यादा गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडली. ती बँडविड्थ (वापरायला मिळणारा वारंवारतांचा पट्टा) आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद यांवरून ठरते आणि केऑसलाही लागू आहे.

खरा उपयोग वेगळाच आहे. १९९६ च्या सुमारास मांडलेल्या एका पद्धतीत प्रत्येक बिटाच्या (संदेशातल्या ० किंवा १ च्या) पहिल्या अर्ध्या वेळात केऑटिक लहरीचा तुकडा जातो आणि दुसऱ्या अर्ध्यात तोच तुकडा, बिट कोणता आहे त्यानुसार जसाच्या तसा किंवा उलटा करून, पाठवला जातो. भिंतींवरून परावर्तन होऊन लहर अनेक वाटांनी आली, तरी दोन्ही तुकडे जवळपास सारखेच बिघडतात, त्यामुळे वाटेचा अंदाज न बांधताही साधा रिसीव्हर त्यांची तुलना करून बिट ओळखतो. मात्र निम्मा वेळ आणि निम्मी ऊर्जा नमुना पाठवण्यातच जाते. शेतातल्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला हे परवडेल, मोबाइलवरच्या व्हिडिओला नाही.